मिस्सा, प्रभुभोजन आणि ‘यज्ञ’ शब्द : ख्रिस्तपुराणाच्या आवृत्त्यांच्या निमित्तानें

बुलढाणें जिल्ह्यांत ख्रिस्ती समाजाची संख्या थोडी आहे. तरी त्या थोड्या लोकांतहि एका धर्मविधीस दोन नांवें आहेत. ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन संस्थेचें काम वऱ्हाडांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालें व तें खामगांव, बुलढाणें या बाजूस पसरलें. या प्रॉटेस्टंट मंडळींत भाकर व द्राक्षरस वांटण्याच्या विधीस ‘प्रभुभोजन’ म्हणतात. ज्यावर तीं ठेवितात तें ‘मेज’, आणि विधि चालविणारा तो ‘पाळक’. त्याच जिल्ह्यांतील कॅथॉलिक लोक १९५५ सालीं नागपुराहून वेगळ्या झालेल्या अमरावती धर्मप्रांतांत मोडतात. ज्या रात्रीं येशूनें शिष्यांसह शेवटचें भोजन केलें त्याच रात्रीवर आधारलेल्या विधीस ते ‘मिस्सा’ किंवा ‘मिस्साबलिदान’ म्हणतात. त्यांच्याकडे मेज नसून ‘वेदी’ असते, आणि तेथें उभा राहतो तो ‘धर्मगुरु’. पोथ्यांच्या व जुन्या छापील पुस्तकांच्या याद्या करणारे आपले लोक मात्र या दोन्ही जातींचे कागद ‘ख्रिस्ती प्रार्थना’ अशा एकाच सदराखालीं दडपून मोकळे होतात. वैष्णवांची पूजापद्धति व शाक्तांची पूजापद्धति एका बस्त्यांत बांधून वर ‘हिंदु पूजा’ अशी चिठ्ठी लावणाऱ्यास आपण काय म्हणूं?

हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. सोळाव्या शतकांत युरोपांत ज्या वादानें राज्यें फुटलीं त्या वादाच्या शिवेवरचे ते दगड आहेत. ते मराठींत कोणीं, केव्हां व कोठें रोवले याचा विचार ख्रिस्तपुराणाच्या अभ्यासकांनींहि फारसा केलेला नाहीं. फादर स्टीफन्सचें नांव निघालें कीं मराठी भाषेच्या स्तुतीच्या चारदोन ओव्या म्हणून दाखवावयाच्या आणि ग्रंथ मिटावयाचा, असा आपल्याकडील परिपाठ झाला आहे. सुमारें ११,००० ओव्यांचा ग्रंथ त्या चारदोन ओव्यांसाठीं लिहिलेला नव्हता.

प्रथम वादाचें स्वरूप पाहूं. श्रौतपरंपरेंत यागाचें लक्षण थोडक्यांत असें करतात कीं, देवतेस उद्देशून द्रव्याचा त्याग तो याग. द्रव्य, देवता आणि त्याग या तीन अंगांनीं तपासल्यास हा युरोपीय तंटा आपल्या वाचकांस सहज उलगडेल. कॅथॉलिक मतें मिस्सा हा खरा याग होय. देवता म्हणजे पिता परमेश्वर. द्रव्य म्हणजे भाकर व द्राक्षरस यांच्या रूपाखालीं असलेला प्रत्यक्ष ख्रिस्त. आणि त्याग करणाराहि मूलतः ख्रिस्तच, वेदीपाशीं उभा असलेला धर्मगुरु त्याच्या वतीनें बोलतो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १७ सप्टेंबर १५६२ रोजीं हें मत नियमबद्ध केलें. त्याचा इत्यर्थ असा कीं, क्रूसावरील यज्ञांत जो बलि व जो याजक तोच बलि व तोच याजक मिस्सेंत आहे. अर्पणाची रीत तेवढी निराळी, तेथें रक्त सांडलें व येथें सांडत नाहीं. शिवाय हा याग पापशमनार्थ असून जिवंतांप्रमाणेंच मृतांसाठींहि करतां येतो.

मार्टिन लूथरानें १५२० सालींच याच्या मुळावर घाव घातला होता. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ आपल्या परिभाषेंत सांगावयाचा तर त्यागाची दिशाच उलटी आहे: मनुष्य देवाला कांहीं देत नाहीं, देव मनुष्याला देतो. मृत्युपत्र करणाऱ्यानें वारसास मिळकत दिली तर ती घेणारा वारस ‘मीं दान केलें’ असें म्हणूं शकत नाहीं. झूरिक शहरांत झ्विंग्लीच्या प्रेरणेनें १५२५ च्या एप्रिलांत मिस्सा बंद झाली. त्याच्या मतें हा विधि मुख्यतः स्मरणाचा. जर्मनीच्या ऱ्हाइन प्रांतांत १५६३ सालीं झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलींत मिस्सेला मूर्तिपूजेच्या पंक्तीस बसविण्यांत आलें. इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकीं ३१ वें कलमहि तितकेंच कडक आहे. या सर्वांचा मुख्य आधार इब्री लोकांस लिहिलेलें पत्र. त्यांत ख्रिस्ताचें अर्पण एकदांच व कायमचें झालें असें पुनःपुन्हां सांगितलें आहे. कॅथॉलिक पंडित उलट मलाखी संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायाकडे बोट दाखवितात. तेथें सर्व राष्ट्रांत, स्थळोस्थळीं शुद्ध अर्पण होण्याचें भाकीत आहे. तसेंच उत्पत्तीच्या १४ व्या अध्यायांतील मलकीसदेक हा राजा व याजक भाकर आणि द्राक्षरस घेऊन पुढें येतो, याचाहि ते दाखला देतात.

मीमांसा पढलेल्या वाचकाच्या मनांत येथें एक शंका येईल: आवृत्ति झाली तर पहिल्या कर्मास न्यूनता येते काय? प्रॉटेस्टंटांचा आक्षेप नेमका हाच. दुसऱ्यांदा यज्ञ करावा लागतो तर पहिला अपुरा होता असें होतें. कॅथॉलिकांचें उत्तर असें कीं, ही आवृत्ति नव्हे. एका यज्ञाचें फल निरनिराळ्या काळच्या लोकांस पोंचविण्याची ती योजना आहे. यज्ञ व त्याचें कालांतरानें मिळणारें फल यांना जोडण्यासाठीं मीमांसकांस ‘अपूर्व’ मानावें लागलें. कालवरीच्या टेंकडीवरील मृत्यु आणि दीड सहस्र वर्षांनंतर साष्टींतल्या एखाद्या कुळंब्याच्या पापाची क्षमा यांमधील अंतराचा प्रश्न ख्रिस्ती पंडितांपुढेंहि होता. उत्तरें भिन्न आहेत. अडचण मात्र ओळखीची आहे.

कांहीं साम्यें मात्र चकवा देणारीं आहेत. पिठाची वस्तु यज्ञांत वापरल्याचें ऐकून शास्त्र्यास माध्वांचा पिष्टपशु आठवेल. परंतु तेथें पीठ हें पशूचें प्रतिनिधि असतें व शेवटपर्यंत पीठच राहतें. येथें कॅथॉलिकांचें म्हणणें असें कीं, अभिमंत्रणानंतर भाकरीचें नुसतें रूप उरतें, भाकर उरत नाहीं. त्याचप्रमाणें मृतांसाठीं मिस्सा म्हणजे ख्रिस्ती श्राद्ध, असें लिहिणारेहि भेटतात. श्राद्धांत पितर स्वतः भाग घेतात; मिस्सेंत मृतांस भाग मिळत नाहीं, त्यांच्याकरितां देवापाशीं अर्पण होतें.

आतां स्टीफन्सकडे वळूं. तो १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशर परगण्यांत जन्मला. तो दहा वर्षांचा असेल नसेल तोंच १५५९ च्या कायद्यानें त्याच्या देशांत मिस्सा बेकायदा ठरली. त्याचा स्नेही टॉमस पाऊंड हा कॅथॉलिक मताबद्दल सुमारें ३० वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत होता. स्टीफन्स रोमला जाऊन १५७५ सालीं जेझुइट संघांत शिरला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बनहून निघाला व त्याच वर्षीं २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरला. पुढें १५८१ च्या कायद्यानें इंग्लंडांत मिस्सा करणाऱ्यास २०० मार्क व ती ऐकणाऱ्यास १०० मार्क दंड, शिवाय एक वर्ष कैद, अशी शिक्षा ठरली. १५८५ पासून स्टीफन्ससारख्या माणसानें मायदेशीं पाऊल टाकणें हाच राजद्रोह झाला. म्हणजे मराठींत ख्रिस्ती पुराण रचणारा हा कवि ज्या देशांतून आला तेथें आपण पाहत असलेला वाद ग्रंथांतला राहिला नव्हता. तो दंडाच्या पावतीवर व फांसाच्या दोरीवर येऊन ठेपला होता. तरीहि १५८३ सालीं राल्फ फिच, जॉन न्यूबरी इत्यादि इंग्रज व्यापारी ओर्मुझहून धरून गोव्यास आणले गेले, तेव्हां त्यांना जामिनावर सोडविण्यास याच स्टीफन्सनें साहाय्य केलें. हे व्यापारी प्रॉटेस्टंट राणीचे प्रजाजन होते.

असा माणूस ख्रिस्तपुराण लिहितो, आणि तें प्रॉटेस्टंटांविरुद्ध लिहीत नाहीं! याचें कारण उघड आहे. साष्टींत त्याच्यापुढें लूथरचे अनुयायी नव्हते, पुराणें ऐकण्याची संवय असलेले व तीं हिरावून घेतली गेलेले नवख्रिस्ती होते. त्यांनींच पुराणाच्या जागीं पुराण मागितलें, असें ग्रंथाच्या आरंभींचें कथन आहे. अशा श्रोत्यास यज्ञ म्हणजे काय हें शिकवावें लागत नव्हतें. उलट तो शब्द उच्चारतांच त्याच्या डोळ्यांपुढें काय उभें राहील याची चिंता होती. गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन १५६० सालीं स्थापन झालें होतें, व ख्रिस्त्यांनीं हिंदु रीति पाळूं नयेत म्हणून त्यानें काढलेला १७३६ चा जाहीरनामा प्रसिद्धच आहे. त्या वातावरणांत मिस्सेसाठीं कोणता मराठी शब्द वापरावा हा निव्वळ शैलीचा प्रश्न असूं शकत नाहीं.

येथें पाठचिकित्सेचा मुद्दा येतो. ग्रंथ राशोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापला गेला. १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापला. या तिन्ही छापांची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळुरास जे. एल. सालढाणा यांनीं रोमन लिपींतील हस्तलिखितांवरून ग्रंथ छापला. पुण्यास १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति निघाली. दुसरी परंपरा मार्सडन संग्रहांतील देवनागरी पोथीची. ही पोथी लंडनच्या प्राच्यविद्यालयांत आहे, आणि तिच्याकडे १९२५ च्या सुमारास लक्ष वेधलें तें जस्टिन अ‍ॅबट यांनीं. महाराष्ट्रांतील संतकवींचीं इंग्रजी भाषांतरें करणारे हे अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे पक्के प्रॉटेस्टंट. जेझुइट ग्रंथाची ही महत्त्वाची पोथी त्यांनीं उजेडांत आणावी हा योग मोठा गमतीचा आहे. दोन्ही परंपरांतील ठळक भेद असा कीं, रोमन प्रतींत चर्च व संस्कार यांच्याविषयींचे पोर्तुगीज शब्द राहूं दिलेले आहेत, तर मार्सडन पोथींत बहुतेक ठिकाणीं त्यांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत.

मूळ कोणतें? या प्रश्नाची चर्चा आजवर बहुधा भाषाशुद्धीच्या बाजूनें झाली: कवीचें मराठी शुद्ध होतें व पोर्तुगीज शब्द नंतर घुसले, किंवा उलट. माझ्या मतें ही कसोटी अपुरी आहे. स्टीफन्स स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ शब्द बेधडक वापरतो. ज्यास वैकुंठ चालतें त्यास संस्कृत शब्दांचें सोंवळें होतें असें म्हणतां येणार नाहीं. मग संस्कारांच्याच नांवांपाशीं पोर्तुगीज शब्द कां यावेत? याचें कारण भाषेंत नसून सिद्धांतांत आहे असें मला वाटतें. वैकुंठ हें स्थान. त्याचें नांव उसनें घेतलें तरी वर्णनानें अर्थ बदलतां येतो. संस्कार हें विहित कर्म. तें अमुक शब्दांनीं, अमुक द्रव्यानें, अमुक अधिकाऱ्यानें केलें तरच सिद्ध होतें, आणि ट्रेंटनें त्याच्या व्याख्येबाहेर जाणाऱ्यास बहिष्कृत ठरविलें होतें. त्याच्याच जेझुइट संघाचा फ्रान्सिस झेवियर याला जपानांत देवाकरितां ‘दाइनिचि’ हा बौद्ध शब्द वापरल्यावर तो मागें घेऊन ‘देउस’ म्हणावें लागलें होतें. हा धडा ताजा होता. म्हणून रोमन परंपरेंतील पोर्तुगीज शब्द हे कवीच्या दुर्बलतेचें किंवा लेखकाच्या आळसाचें लक्षण न मानतां जाणूनबुजून घातलेलें कुंपण मानावें. आणि मार्सडन पोथी, निदान संस्कारांच्या स्थळीं, मागाहून संस्कृत केलेली आहे असें मानण्याकडे माझा कल आहे. दोन्ही परंपरांतील शेवटच्या भोजनाचे व क्रूसमरणाचे प्रसंग ओवीस ओवी लावून ताडून पाहणें हाच याचा निकाल लावण्याचा मार्ग. संपादकांनीं इतर हजार ठिकाणीं पाठभेद दिले आणि येथें विशेष चर्चा केली नाहीं, ही माझी तक्रार आहे.

दोनशें वर्षांनीं दुसरे मिशनरी आले. केरीनें श्रीरामपुरास पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें मराठी नवा करार १८११ सालीं छापला. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. त्यांना पोर्तुगीज कुंपणाचा उपयोग नव्हता; बायबल लोकभाषेंत पाहिजे हाच त्यांचा बाणा. परिणाम असा झाला कीं, ‘यज्ञ’, ‘याजक’, ‘वेदी’ हे शब्द मराठींत निर्भयपणें रूढ केले ते मिस्सेला यज्ञ न मानणाऱ्यांनीं. त्यांच्या मराठी बायबलांत जुन्या करारांतील पुरोहित याजक आहेत, ख्रिस्त हा श्रेष्ठ याजक आहे, त्याचें मरण यज्ञ आहे. भक्तांनीं आपलीं शरीरें अर्पावीं तोहि यज्ञच. भाकर मोडण्याच्या विधीपाशीं मात्र हे तिन्ही शब्द एकदम नाहींसे होतात आणि भोजन, मेज व पाळक येतात. या योजनेंत इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सगळा युक्तिवाद सांठविलेला आहे: यज्ञ एकदां झाला, याजक एकच, आतां उरलें तें पंगतीस बसणें.

कॅथॉलिकांचा विधि द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक ठरावापर्यंत लॅटिनांतच चाले. मराठी शब्दाची गरज शिकवणीच्या पुस्तकांपुरती होती. पुढें मिस्सा मराठींत होऊं लागली आणि ‘मिस्साबलिदान’ हा जोडशब्द वसईपासून वऱ्हाडापर्यंत ऐकूं येऊं लागला. या शब्दावर माझा एक आक्षेप आहे. ज्या यागांत रक्त सांडत नाहीं असें सिद्धांत बजावून सांगतो, त्यास नेमका रक्ताचा वास येणारा शब्द दिला गेला. आमच्याकडील खेड्यांत बळी म्हणजे देवीपुढचें बोकड किंवा कोंबडें. ‘यज्ञ’ म्हटलें कीं तूप, समिधा व ब्राह्मण. दुसरा शब्द अर्थानें जवळचा होता, परंतु त्याच्याबरोबर येणारें वऱ्हाड नको होतें. शिवाय तोंवर तो प्रॉटेस्टंटांनीं क्रूसासाठीं राखून ठेवला होता. ‘मिस्सा’ हा पोर्तुगीज शब्द पुढें जोडून ‘बलिदाना’चा अर्थ आवळला, हें एका दृष्टीनें स्टीफन्सच्याच काळच्या कुंपणाचें शेवटचें खांब होय.

या दोन पक्षांच्या मधोमध उभा असलेला एक मराठी पंडित आपण विसरतां कामा नये. काशींत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे १८४८ सालीं जौनपुरास प्रॉटेस्टंट मिशनऱ्याकडून बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) लिहितांना मीमांसेशींहि झुंजले. पुढें ते इंग्लंडच्या चर्चमधील कॅथॉलिक वळणाच्या पक्षाकडे ओढले गेले व १८७६ सालीं काउली येथील संघांत उमेदवार म्हणून शिरले. तो पक्ष ३१ वें कलम न पुसतां त्याचा अर्थ मवाळ करून वेदी, दीप व अर्पण परत आणूं पाहत होता. या संघाचें पुण्यांतील ठाणें म्हणजे पंचहौद मिशन. पंचहौदाचें नांव घेतांच आपणांस १८९० चा चहा आणि टिळक-रानड्यांचें प्रायश्चित्त आठवतें. त्या आवारांतील देवळांत कोणता वाद मुरत होता हें कोणी विचारीत नाहीं. गोरे १८९५ सालीं मुंबईस वारले. पुढच्याच वर्षीं पोप तेराव्या लिओनें इंग्लंडच्या चर्चची पुरोहितदीक्षा शून्यवत् ठरविली. कारणांत प्रमुख कारण हें कीं, तिच्या विधींतून यज्ञ करण्याचा अधिकार देण्याचा हेतूच काढून टाकलेला आहे. ज्यांच्या हातून गोऱ्यांनीं दीक्षा घेतली त्यांचा अधिकार असा एका पत्रानें नाकारला गेला. नागपुरास २९ नोव्हेंबर १९७० रोजीं सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाली, तेव्हां गोऱ्यांच्या पक्षाची वेदी आणि स्कॉच-अमेरिकन मेज एका छपराखालीं आलीं. खामगांवकडील अलायन्सची मंडळी त्या एकीबाहेर राहिली.

संग्राहकांस यावरून व्यावहारिक उपयोग इतकाच कीं, मुखपृष्ठ फाटलेलें ख्रिस्ती पुस्तक किंवा वही हातीं आल्यास ‘यज्ञ’, ‘याजक’ हे शब्द पाहून ती कॅथॉलिक ठरवूं नये. ते उभयपक्षीं आहेत. ते शब्द कोणत्या कर्मास लाविले आहेत तें पाहावें. क्रूसास लाविले असतील तर निर्णय होत नाहीं. भाकरीच्या विधीस लाविले असतील, त्यापाशीं वेदी असेल, आणि विशेषतः मृतांच्या नांवें अर्पणाचा उल्लेख असेल, तर कागद कॅथॉलिक, किंवा क्वचित् पंचहौदाच्या वळणाचा. उलट ‘स्मरणार्थ’ या शब्दावर भर, मेज व पाळक यांवरून प्रॉटेस्टंट मूळ बहुधा निश्चित होतें. नामावळींत ‘ख्रिस्ती प्रार्थना’ एवढेंच न लिहितां विधीचें नांव कागदांत जसें असेल तसेंच, त्याच अक्षरांनीं, उतरून घ्यावें. ‘मिसा’ लिहिलें असेल तर ‘मिस्सा’ असें सुधारूं नये, आणि रोमन लिपींतील वही असल्यास देवनागरी करतांना पोर्तुगीज शब्दाच्या जागीं आपला संस्कृत शब्द घालण्याचा मोह टाळावा. मार्सडन पोथीच्या लेखकास तो टाळतां आला नाहीं, असा माझा संशय वर मांडलाच आहे.